उभं राहिलेलं पाणी

निलंग्याच्या बाजारपेठेत विरूपाक्षअप्पांचं किराणा दुकान होतं. एका बाजूला तेलाचे डबे, दुसऱ्या बाजूला गुळाच्या ढेपी आणि मधोमध लाकडी फळीवर काटा. ती फळी एका अंगाला खचली होती, म्हणून अप्पांच्या घरच्यांनी कधीकाळी तिच्याखाली एक जाडजूड पुस्तक सरकवलं होतं. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी रंगात ठसवलेलं बोटभर जहाज होतं. साखर-चहापत्ती न्यायला येणाऱ्यांपैकी ते कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं. मारोती सोनकांबळेच्या भरलं, आणि लातूरहून कामाला आलेला आणि काडेपेटी घ्यायला थांबलेला तो माणूस काडेपेटी विसरून तिथंच उभा राहिला.

मारोती मूळचा हदगावचा. नांदेडच्या कचेरीत तो ट्रेसर होता. म्हणजे मोठ्या नकाशावर अर्धपारदर्शक कापड पसरायचं आणि शाईनं रेघ न् रेघ त्यावर उतरवायची, हे त्याचं काम. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघून नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीला माणसं कमी पडली आणि त्याची बदली झाली. नव्या जिल्ह्याची हद्द पहिल्यांदा शाईत ओढणाऱ्यांत तो होता. काल जिथं काहीच नव्हतं तिथं आज रेघ आली आणि गावंच्या गावं इकडची तिकडं झाली, याचं त्याला मोठं नवल वाटायचं. पण रेघेत जीव असतो हे त्याला त्याच्याही आधी कळलं होतं, हैदराबादेत.

तिथं तो कचेरीच्या कामानं गेला होता. रविवार होता. अबिड्सची दुकानं बंद आणि बंद दुकानांपुढं फुटपाथभर जुनी पुस्तकं मांडलेली. त्यातलं एक उघडं पडलं होतं. पानावर फक्त काळ्या रेघा. पण त्यांची वीण अशी, की एक माणूस कंदील घेऊन भुयारात उतरतोय, भिंती ओल्या आहेत, वरून पाणी ठिबकतंय, सगळं दिसत होतं. थेंबाचा आवाज तेवढा यायचा बाकी होता. मारोती भर उन्हात उकिडवा बसला. त्याच्या हातून रोज शेकडो रेघा जायच्या, सगळ्या मुक्या. ह्या बोलत होत्या.

तेव्हापासून हा नाद लागला. समुद्र, बेटं, हरवलेली शहरं, ध्रुवाकडं गेलेली माणसं, विलायतेत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या असल्या साहसकथांच्या मुद्दाम काढलेल्या देखण्या आवृत्त्या तो हुडकायचा. जाड कागद, सोनेरी कडा, कापडी किंवा कातडी बांधणी, आणि रंगीत चित्रं वेगळी छापून हातानं एकेक चिकटवलेली. प्रत्येक चित्रावर पतंगाच्या कागदासारखा झिरझिरीत पडदा. इंग्रजी त्याला अडखळत यायची. शब्दकोश मांडीवर घेऊन तो एकेक गोष्ट पावसाळाभर पुरवून वाचायचा. पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचा, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळला पाला घालून. बायको पंचशीला शाळेत मास्तरीण होती. "आमच्या घरात दागिन्यांच्या जागी जहाजं आहेत," असं ती शेजारणींना हसत सांगायची. पण पाला ती स्वतः बदलायची.

"अप्पा, ते फळीखालचं पुस्तक बघू का?" मारोतीनं विचारलं.

"काटा डुगडुगंल की ओ."

"दुसरं कायतरी लावून देतो."

त्यानं बाहेरून वीट आणली, पुसली, फळीखाली नीट बसवली. अप्पांनी पुस्तक झटकून त्याच्या हातात दिलं. "न्या. निजामाच्या वक्ताला हितं एक तहसीलदार व्हता. पोलीस ॲक्शन झालं आन् तो घरदार टाकून हैदराबादला गेला. त्याच्या सामानातून आमच्या वडलांनी आणलं व्हतं. आम्हाला काय त्यातलं कळतंय!"

लातूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मारोतीनं पुस्तक उघडलं. दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रातल्या एका बेटावर काही माणसं अडकली आहेत आणि त्यांना आणायला एक जहाज निघालंय, अशी ती गोष्ट. छपाई अशी की अक्षरं बोटाला लागावीत. चित्रकार तर त्याला पुरता वेडा करून गेला. पहिल्या चित्रात बंदरावरची पहाट होती आणि धुक्यातून फक्त शिडांची टोकं वर आली होती. दुसऱ्यात जहाजाच्या पोटातला सुतार, कंदिलाच्या उजेडात. अंबुलगा मागं पडलं, औसा आलं, कंडक्टर दोनदा तिकीट विचारून गेला. मारोती पडदा उचलायचा, बघायचा, पडदा अलगद खाली सोडायचा.

पुस्तकाच्या मध्यावर तो आला, पडदा उचलला, आणि खाली काहीच नव्हतं.

नुसतं राखाडी रंगाचं जाड पान. वरच्या कडेला वाळलेल्या डिंकाचा पट्टा. आणि तळाला बारीक अक्षरांत चित्राखालची ओळ तेवढी शिल्लक. घरी जाऊन शब्दकोश काढून त्यानं ती लावली: "आणि मग आमच्यासमोर पाणी उभं राहिलं."

त्यानं ती ओळ पंचशीलाला वाचून दाखवली. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"पाणी उभं राहिलं? म्हणजे कसं दिसलं असेल हो?"

"तेच तर गेलंय," मारोती म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो परत निलंग्याला गेला. अप्पांना आठवायला वेळ लागला. "हाव, एक चित्र निघालं व्हतं खरं. बहात्तरच्या दुष्काळात. पुड्याला रद्दी मिळंना. आमच्या वडलांनी पुस्तक वढलं, तर ते चित्र आपसूक हातात आलं. त्यात त्यांनी कुणालातरी कायतरी बांधून दिलं. दुसरं पान फाडाय गेले तर आमची आई वराडली, विद्येला फाडू नगा म्हणून. मंग ठिवलं काट्याखाली."

"कुणाला दिलं असेल?"

अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की मारोतीला स्वतःचीच लाज वाटली. अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळातली एक पुडी. त्यानं पुस्तक ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवलं आणि चित्राचा विचार सोडून दिला. म्हणजे सोडून दिला असं पंचशीलाला सांगितलं. पुढं नवी पुस्तकं आली. पण हे एक तो अधूनमधून काढायचा, राखाडी पानापाशी थांबायचा, आणि उभं राहिलेलं पाणी कसं काढलं असेल याचा मनातल्या मनात आराखडा करायचा. जमायचं नाही.

मग पावसानं पुन्हा दगा दिला. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडंच निघालं. तेरणेच्या पात्रातून लोक बैलगाड्या घालू लागले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आता एकच शब्द चालला होता, टंचाई. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या रस्त्यानं, गावात कुठली विहीर तग धरून आहे, हे सगळं नकाशावर यायला हवं होतं, आणि जुन्या नकाशांतल्या निम्म्या विहिरी आता नुसते खड्डे झाल्या होत्या. मारोतीला फिरतीवर धाडलं. जीप फाट्यावर सोडायची आणि तो गळ्यात नकाशाची पाटी अडकवून गावातून हिंडायचा.

कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात तो भर दुपारी पोचला. शेवटच्या गल्लीतल्या घराच्या मागं एक आड आहे असं कुणी सांगितलं, म्हणून तो त्या घराच्या दारात उभा राहिला. आतून एक थोराड बाई आली. कपाळाला विभूती, पदर डोक्यावरून, हातात तांब्या. मागून तिची सून डोकावली.

"आडाला पाणी न्हाई, साहेब. तळाला बेडकं हायती. तुम्ही पाणी प्या अगुदर," ती म्हणाली.

मारोतीनं सवयीनं ओंजळ पुढं केली. लहानपणी हदगावात शिकलेली सवय. वरून पाणी घालतील तसं प्यायचं. नोकरी लागून इतकी वर्षं झाली तरी परक्या दारात हात आपोआप तसेच जुळायचे. बाईनं ती ओंजळ बघितली. "आडनाव काय तुमचं?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. मग तांब्या तिनं त्याच्या हातात दिला आणि दारातून बाजूला झाली. "बर्री, या. आत बर्री. बाहीर ऊन लई हाय."

आत अंधार होता. उन्हातून आल्यामुळं त्याला आधी काहीच दिसेना. तो भिंतीला टेकून पाणी प्याला. हळूहळू कणग्या दिसल्या, उतरंड दिसली, कोपऱ्यातला देव्हारा दिसला. देव्हाऱ्यात लिंग, बाजूला पितळी नंदी, आणि त्याच्या मागं भिंतीला टेकवून, चार बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून, एक चित्र.

मारोतीचा हात तांब्यासकट तसाच राहिला.

पाणी उभं होतं. चित्रभर पाणी. खाली काळंनिळं, वर चढत चढत हिरवं होत गेलेलं, आणि शेंड्याला उन्हाची एक फट पडून काचेसारखं आरपार झालेलं. ते कोसळणार होतं आणि कोसळत नव्हतं. आजवर त्यानं मनात जे जे आराखडे केले होते ते सगळे पोरकट होते. त्याला वाटलं, आपण मान वर केली तर ते अजून वर जाईल. चित्र वीतभर रुंदीचं असेल. पण त्या अंधाऱ्या खोलीत, बाहेर जमिनीला हात हात भेगा पडलेल्या असताना, त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याला देवाधर्माचं काही नव्हतं. पण पायातल्या चपला आपण दाराबाहेर काढल्या हे बरं झालं, असं त्याला वाटून गेलं.

"गंगव्वा हाय ती," शिवम्मा म्हणाली. बाईचं नाव शिवम्मा होतं, सुनेचं रत्नम्मा. "बहात्तर सालाला मालक व्हते माझे. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडाय जायचो आम्ही. निलंग्याच्या बाजारातून त्यांनी थोडा गूळ आणला. पुडी सोडली मी, तर गुळाच्या बुडाला ही. सगळं गाव पाण्यासाठी टाचा घासून राहिलंय, आन् माझ्या हातात एवढं पाणी! मी गूळ तसाच टाकला बगा परातीत. लई येळ बसले हातात धरून. त्याच सालापासून पुजते."

चित्राच्या खालच्या भागावर हळदीकुंकवाचा जाड थर चढला होता. दर शुक्रवारचं बोट तिथं लागत आलं होतं.

मारोतीनं जपून, शब्द जुळवत सांगितलं, की हे एका पुस्तकातलं चित्र आहे आणि ते पुस्तक माझ्यापाशी आहे. शिवम्मा ऐकत राहिली. मग त्याला राहवलं नाही. "अव्वा, हे मला द्याल का? मी नकाशे काढणारा माणूस आहे. हुबेहूब असंच, याच्याहून मोठं काढून देतो तुम्हाला. ओळखू येणार नाही."

"हुबेहूब?"

"हुबेहूब."

"मंग ते काढलेलं तुम्ही ठिवा की," शिवम्मा म्हणाली.

रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. मारोतीनं आडाची खूण नकाशावर केली, पुन्हा एकदा देव्हाऱ्याकडं बघितलं आणि निघाला.

घरी त्यानं पंचशीलाला सगळं सांगितलं. सांगताना हातवारे करून लाट कुठून कुठं चढते ते दाखवू लागला. जेवण निवून गेलं.

"ती सोडणार नाही," शेवटी तो म्हणाला. "देव केलाय तिनं त्याचा."

"आणि तुम्ही काय केलंय?" पंचशीलानं विचारलं. "पाला घालून, कापडात गुंडाळून, हात धुतल्याशिवाय मला शिवू देत नाही ते?"

तो हिरमुसला. ती मग मऊ आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्याकडचं मागायला गेलात. तुमच्याकडचं तिला दाखवलंत का?"

"पुस्तक? तिकडं? त्या धुळीत?"

मारोतीनं आजवर एकही पुस्तक घराबाहेर नेलं नव्हतं. उसनं तर कुणालाच दिलं नव्हतं. नकाशांच्या कामात तो आठवडाभर गुंतला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी रविवारी पंचशीलानंच पुस्तक आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात बांधलं, वर प्लास्टिकचा कागद लावला, आणि ते पोटाशी धरून मारोती निलंग्याच्या बसमध्ये चढला.

गावात शिरला तर शिवम्माच्या दारापुढून हंड्या-घागरींची रांग लागली होती. टँकर सकाळी येणार होता, तो आला नव्हता. बाया सावली धरून, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मारोतीच्या हातातलं गाठोडं बघून शिवम्मा उठली. "आणलं व्हय?"

ओट्यावर तिनं घोंगडी अंथरली. मारोतीनं हात धुवायला पाणी मागितलं नाही. तिथं ते मागणं शोभलं नसतं. रुमालानं बोटं खसाखसा पुसली आणि पुस्तक उघडलं.

पहिल्या चित्रालाच ओट्याभोवती कोंडाळं झालं. बंदर, धुकं, शिडांची टोकं. "धोतरं वाळू घातलीत का ही?" एकीनं विचारलं आणि हशा पिकला. मारोती सांगू लागला. इंग्रजी वाक्यं त्यानं बाजूलाच ठेवली. बेटावर अडकलेली माणसं, त्यांच्या बायकांनी बंदरावर धरलेला हट्ट, कुणी जायला तयार नसताना एका म्हाताऱ्या कप्तानानं बाहेर काढलेलं जहाज. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपल्याला असं सांगता येतं. तो थांबला की "मंग?" असा आवाज यायचा. प्रत्येक चित्राचा पडदा उचलण्याआधी त्याचा हात जरा रेंगाळायचा आणि सगळ्या माना पुढं व्हायच्या.

"साहेब, तुम्ही बघितला का समुद्र?" रत्नम्मानं विचारलं.

"न्हाई. मी तर गोदावरीहून मोठं पाणी बघितलं नाही."

त्या हसल्या. पण तो बघणाऱ्यासारखा सांगत होता, आणि त्या बघणाऱ्यांसारख्या ऐकत होत्या.

जहाजावरचं गोडं पाणी संपत आलं, हा भाग आला तेव्हा मात्र गडबड झाली. "संपतंय कसं?" एक म्हातारी म्हणाली. "भोवती पाणीच हाय की सगळं."

"ते पिता येत नाही, आजी. खारट असतं. पिलं की तहान वाढते. माणूस वेडा होऊन मरतो."

रांगेतल्या रिकाम्या घागरींकडं कुणीतरी बघितलं. "एवढं पाणी," शिवम्मा सावकाश म्हणाली, "आन् तोंडात घालता येईना?"

"हाव अव्वा. माणशी एक पेला ठरवला होता कप्तानानं. स्वतःचा त्यानं आजारी पोराला दिला."

आणि मग वादळ आलं. मारोतीचा आवाज आपोआप खाली उतरला. शीड फाटलं, डोलकाठी मोडली, जहाज कलंडलं. वाचलेली माणसं एका होडीत उतरली. त्यांच्या मागं जहाज बुडालं, वारा पडला, सगळीकडं एकदम शांत झालं. त्यांना वाटलं, सुटलो. कप्तानानं मान वर केली. मारोतीनं पान उलटलं. पडदा उचलला. राखाडी पान.

कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ओट्यावरच्या साऱ्या माना एकाच वेळी वळल्या, उघड्या दारातून आत, देव्हाऱ्याकडं. बाहेरचं ऊन आता तिरकं होऊन आत शिरलं होतं आणि लाटेच्या शेंड्यापर्यंत पोचलं होतं. "आणि मग आमच्यासमोर पाणी उभं राहिलं," मारोती म्हणाला.

शिवम्मा उठली. आत गेली, हात जोडले, आणि कामट्यांसकट चित्र उचलून बाहेर उजेडात घेऊन आली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच घराबाहेर आलं असावं. तिनं ते घोंगडीवर ठेवलं. "होडी कुटं हाय ह्याच्यात?"

मारोती वाकला. लाटेच्या पायथ्याशी हळदीकुंकवाचा थर होता. "इथं असावी, अव्वा. याच्या खाली."

शिवम्मानं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि हलक्या हातानं पुसायला घेतलं. मारोतीचा हात अडवायला पुढं झाला, आणि त्यानंच तो मागं घेतला. पिवळा थर निघाला, मग तांबडा. खालून काळंनिळं पाणी आलं, आणि त्या पाण्यात नखाएवढी होडी. होडीत माणसं. एकजण वल्हं सोडून उभा राहिलेला. एकानं पोराचं डोकं छातीशी दाबून धरलेलं. सगळ्यांची तोंडं वर, लाटेकडं.

"अगं बाई," रत्नम्मा पुटपुटली.

शिवम्मा बराच वेळ त्या होडीकडं बघत राहिली. बोट होडीच्या कडेला टेकलेलं होतं. "चौदा वर्सं," ती म्हणाली, "मी ह्यांच्या डोक्यावर बोट टेकून पाणी मागून राहिले. पाणी दे म्हणत राहिले. आन् हे बिचारे त्याच पाण्याखाली बसलेत. तहानेलेले." तिनं मारोतीकडं बघितलं. "जगले का हे?"

"जगले, अव्वा. लाटेनं होडी उचलली आणि पलीकडं टाकली. पुढं पाऊस लागला तेव्हा शिडाच्या कापडात पाणी धरून प्याले. बेटावरच्या माणसांपर्यंत पोचले. म्हातारा कप्तान तेवढा परत आला नाही. पोरगं आलं."

"घराकडं आलं?"

"आलं."

तिनं एकेक कामटी सोडवली. चित्र मोकळं झालं. मग ते दोन्ही हातांनी उचलून तिनं राखाडी पानावर ठेवलं. ते असं बसलं की वरचा डिंकाचा पट्टा झाकून गेला आणि तळाची ओळ बरोबर लाटेखाली आली. बायांच्या कोंडाळ्यातून एक लांब श्वास ऐकू आला. मारोतीला पान धूसर दिसू लागलं. त्यानं मान फिरवली.

"न्या," शिवम्मा म्हणाली. "ह्यांची पुढची वाट तुमच्याकडं हाय. माझ्याकडं नुसतं वादळ व्हतं."

"पण अव्वा, तुमची गंगव्वा..."

"गंगव्वा काय कागदात बसती व्हय? ती आडात यील यायची तवा."

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि सगळी रांगच उठली. घागरी खणखणल्या, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, भांडण लागलं, रत्नम्मा दोन हंडे घेऊन धावली. शिवम्माही कळशी घेऊन गेली. मारोती पुस्तक पोटाशी धरून ओट्यावर एकटाच उभा राहिला. निघताना तिला गर्दीतून हाक मारली, तर तिनं ओली कळशी डोक्यावर चढवत फक्त मान हलवली.

लातूरला पंचशीलानं गव्हाच्या पिठाची पातळ खळ केली. दोघांनी मिळून चित्र चिकटवलं. होडीच्या बाजूला पिवळ्या रंगाचा एक डाग राहिला होता. तो पुसावा का, असं तिनं विचारलं. मारोती नको म्हणाला. मग ती ते पान समोर धरून बसली, आणि मारोती तिच्याकडं बघत बसला. तिचे ओठ आपोआप विलग झाले होते.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मारोतीच्या दाराची कडी वाजली. बाहेर शिवम्मा आणि रत्नम्मा उभ्या. एसटीनं आल्या होत्या. रत्नम्माच्या हातात भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी होती.

"आडाला पाणी आलंय," शिवम्मा आत येत म्हणाली. "पर त्याच्यासाटी न्हाई आले. त्या लोकांना बघाय आले."

पंचशीलानं दोघींना चहा दिला. मारोतीनं ट्रंक पुढं ओढली. शिवम्मानं आपल्या लोकांची होडी बघितली, हात न लावता, वाकून, आणि समाधानानं मान हलवली. मग तिची नजर उघड्या ट्रंकेकडं गेली, एकावर एक रचलेल्या पाठींकडं, सोनेरी अक्षरांकडं. "अगं बाई, एवढी?" ती म्हणाली. "आन् ह्या सगळ्यांत कुणी ना कुणी अडकलंय?"

मारोती हसला. "जवळजवळ सगळ्यांत."

"हे निळं दावा."

ते ध्रुवाकडं गेलेल्या माणसांचं पुस्तक होतं. मारोतीनं ते तिच्या पुढ्यात ठेवलं, पहिला पडदा उचलला. पानभर पांढरं. पांढऱ्याचे डोंगर, पांढऱ्याची मैदानं, आणि त्यातून चाललेली काडीएवढी माणसं.

"मीठ हाय व्हय हे?"

"न्हाई अव्वा. पाणी आहे. थंडीनं थिजून दगड झालेलं. त्याच्यावरून चालतात ते."

शिवम्मानं तळहात उचलला आणि पानाच्या वर, न टेकवता, धरून ठेवला, विस्तवाची धग बघावी तसा. रत्नम्मानं शेंगा सोलायचं थांबवलं. पंचशीलाही चूल सोडून दारात येऊन उभी राहिली.

"सांगा," शिवम्मा म्हणाली. तिनं तळहात मागं घेतला नव्हता.